लेस्टरचा हात

‘फार्गो’ मालिका पाहिलेलं कुणी भेटलं की मी आधी एकच विचारतो : लेस्टरचा हात तुम्ही नेमका कुठे सोडलात? आवडली का, शेवट पटला का, या गोष्टी चहा आल्यावर. या प्रश्नावर लोक जरा चाचरतात. सोडायचा तर हात आधी धरलेला असावा लागतो, आणि एका खुनी माणसाचा हात आपण काही काळ का होईना धरला होता हे कबूल करणं जड जातं.

(पुढे मी सगळं फोडणार आहे. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं. नंतर तक्रार ऐकली जाणार नाही.)

मालिका २०१४ ची, अमेरिकेतल्या एफएक्स वाहिनीवरची, नोआ हॉली यांनी लिहिलेली. कोएन बंधूंच्या १९९६ च्या सिनेमाचं नाव, बर्फ आणि बोलण्याची ढब तिने उचलली. गोष्ट आणि माणसं स्वतःची आणली. पहिल्या सीझनचे दहा भाग. गाव बेमिजी, मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, तळ्याकाठी. गाव खरं आहे. पॉल बनियन नावाचा दंतकथेतला लाकूडतोड्या आणि त्याचा निळा बैल यांचे अवाढव्य पुतळे तिथे १९३७ पासून उभे आहेत.

या गावात लेस्टर नायगार्ड विमा विकतो, म्हणजे विकायची धडपड करतो. मार्टिन फ्रीमनने त्याला असं काही उभं केलंय की पहिल्या दहा मिनिटांत आपल्याला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो. घरी बायको पर्ल त्याला घालूनपाडून बोलते, तळघरातलं वॉशिंग मशीन खडखडत असतं, धाकटा भाऊ त्याच्यापेक्षा यशस्वी. शाळेत छळणारा सॅम हेस आता ट्रकचा धंदा करतो. तो रस्त्यात भेटतो, आपल्या दोन पोरांसमोर लेस्टरला नुसता घाबरवतो, आणि लेस्टर दचकून स्वतःच दुकानाच्या काचेवर नाक फोडून घेतो. त्या फुटक्या नाकासाठी दवाखान्यात बसलेला असताना शेजारी येऊन बसतो तो लॉर्न माल्वो. भाडोत्री मारेकरी, भूमिकेत बिली बॉब थॉर्नटन. या हेसला मारू का, असं माल्वो विचारतो. हो की नाही, एवढंच सांग. लेस्टर हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही. तेवढ्यात नर्स हाक मारते.

हेस मरतो. पुढे काही वेळाने तळघरात, त्याच मशीनपाशी, बायको बोलत असताना लेस्टर हातोडी उचलतो.

आमच्याकडे ही मालिका बऱ्याच जणांनी पाहिली. कुणी एकट्याने, कुणी माझ्या आग्रहाखातर आमच्या हॉलमध्ये. माझ्या बायकोने लेस्टरचा हात हातोडीच्या पहिल्या घावाला सोडला आणि नंतर त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तिचा राग लेस्टरवर कमी आणि लिहिणाऱ्यावर जास्त होता. तिचं म्हणणं, पर्लला त्यांनी दिलंय काय? मोजून दोन-तीन प्रसंग, आणि त्या सगळ्यांत ती टोमणे मारते. म्हणजे हातोडी पडेल तेव्हा प्रेक्षकाला अर्धं हसू यावं याची सोय आधीच करून ठेवलेली. ‘माणूस इतका दबला, मग होणारच की’ असं आपल्या तोंडून निघावं म्हणून पर्लला बोलकी केली. आणि खरंच, माझा एक मित्र नेमकं हेच वाक्य बोलला होता. विनोदी अंगाने बोलला, पण बोलला. बायकोने त्याला जेवायला वाढलं, फक्त दुसऱ्यांदा भात विचारला नाही.

मला तिचं म्हणणं निम्मं पटतं. पर्ल अर्धवट लिहिली आहे, हे खरंच. पण त्या प्रसंगात दिग्दर्शक हसू फार वेळ टिकू देत नाही. पहिल्या घावानंतर पर्लला काय झालं ते तिचं तिलाच कळत नाही. लेस्टर लगेच ‘अरे देवा’ छापाचं काहीतरी पुटपुटतो, जणू कप सांडला. आणि मग तो थांबत नाही. आपण हसायला तोंड उघडलेलं असतं ते तसंच राहतं. मागे भिंतीवर एक पोस्टर : सगळे मासे एका दिशेला, एकटा उलट्या, आणि खाली प्रश्न, तुम्हीच बरोबर असाल आणि बाकीचे चूक असतील तर? थोड्या वेळाने लेस्टर त्याच पोस्टरवर डोकं आपटून बेशुद्ध पडतो, म्हणजे आपणही बळी ठरावं. हा विनोद क्रूर आहे, पण आळशी नाही.

माझी मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिने लेस्टरचा हात सोडला नाही, कारण ती अक्षरशः त्याचा हातच बघत होती. त्या रात्री चौकशीला आलेले पोलीसप्रमुख व्हर्न थरमन यांना माल्वो बंदुकीने उडवतो, आणि त्यांच्या शरीरातून आरपार गेलेला एक छर्रा लेस्टरच्या हातात घुसतो. लेस्टर ते कुणाला सांगू शकत नाही. पुढचे कित्येक भाग तो लोकांच्या सांत्वनाला मान डोलावतो, विमा विकतो, आणि पट्टीखाली हात सुजत, काळानिळा पडत जातो. मावशी दुसऱ्या भागापासून म्हणत होती, ‘ह्याला सेप्टिक होतंय, ताप येणार बघ.’ आला. रुग्णवाहिकेत तापात बरळताना तो हवं नको ते बोलून जातो, आणि ते ऐकायला डेप्युटी मॉली सोल्व्हरसन शेजारी असते. मावशीला मालिकेत सगळ्यात खरं काय वाटलं असेल तर हे. माणूस कितीही खोटं बोलला तरी जखम खोटं बोलत नाही, असं ती म्हणाली, आणि लगेच पुढे, ‘पण ड्रेसिंग काय घाणेरडं केलं होतं मेल्याने.’

तिने सोडलं ते सहाव्या भागात. दवाखान्यातून गुपचूप निसटून लेस्टर भावाच्या घरी जातो, हातोडी त्याच्या बंदुकांच्या कपाटात दडवतो आणि पुतण्याच्या दप्तरात पिस्तूल सरकवतो. पोरगं शाळेत जातं, दप्तरातून ते बाहेर पडतं, भाऊ आत. ‘पोराच्या दप्तरात?’ एवढंच मावशी बोलली. बायकोचा खून तिने पचवला होता, हे मी तिला दाखवून दिलं नाही.

मी स्वतः बराच उशिरा सोडला. नवव्या भागात. तोवर गोष्ट वर्षभर पुढे सरकलेली आहे, लेस्टर सुटलाय, केस नीट विंचरतोय, लिंडा नावाच्या सहकारिणीशी लग्न झालंय, लास व्हेगासला जाऊन वर्षातला सर्वोत्तम विमा विक्रेता म्हणून बक्षीसही घेऊन आलाय. तिथे बारमध्ये त्याला माल्वो दिसतो. दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच सोंगात. गप्प बसला असता तर विषय संपला होता. पण आता लेस्टरला वाटतं आपणही कुणीतरी आहोत, आणि तो जाऊन खाजवतो. माल्वो लिफ्टमध्ये तीन माणसं मारतो आणि मग त्याच्या मागावर बेमिजीला येतो. रात्री लेस्टर लिंडाला घेऊन ऑफिसच्या बाहेर गाडी थांबवतो. आत माल्वो असणार याची त्याला शंका आहे. तो अंगातला नारिंगी कोट काढतो, लिंडाला घालायला देतो. बाहेर थंडी आहे ना. वर आणखी, हूड डोक्यावर घे म्हणतो.

ते हूड. गोळी त्या हूडवर बसणार हे त्याला माहीत आहे, आणि सांगताना आवाजात काळजी आहे, नवऱ्याची नेहमीची. फ्रीमनच्या आवाजात तिथे तसूभर फरक पडत नाही. लिंडा खूश होऊन जाते. मी तेव्हा सोडला. आणि पाठोपाठ मला जे वाटलं ते फारसं शोभणारं नव्हतं : इतके दिवस हा सुटावा म्हणून मी आतून जोर लावत होतो. पुतण्याच्या दप्तरानंतरसुद्धा.

सुटावा म्हणून जोर लावणारा आणखी एक जण मालिकेतच आहे, नवा पोलीसप्रमुख बिल ऑस्वाल्ट. बिल लेस्टरच्या शाळेतला. त्याच्या डोक्यात खून केला असेल तर कुणा फिरस्त्याने, बाहेरच्याने. आपला लेस्टर? छे. मॉली पुरावे घेऊन येते तेव्हा तो रागावतही नाही. संकोचतो. विधुर माणसाला काय विचारायचं, बरं दिसत नाही ते. बॉब ओडेनकर्कने हा बिल मूर्ख न करता भला माणूस करून ठेवलाय, आणि तिथेच मालिकेचा सगळा काळा विनोद आहे. या गावात खुनापेक्षा अवघड प्रश्न विचारणं जास्त असभ्य आहे. माझा मामेभाऊ मिनेसोटाच्या राजधानीत, सेंट पॉलला राहतो. त्याला विचारलं, तिथली माणसं खरंच इतकी गोड बोलतात का रे? तो म्हणाला, बोलतात, आणि निघतो निघतो म्हणत दारात अर्धा तास उभी राहतात, आपल्याकडच्यासारखीच; फक्त मनात काय आहे ते त्या अर्ध्या तासातही कळत नाही.

शेजारचे काका फौजदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण त्या हेलातलं ऐकून कळत नाही, म्हणून सबटायटल लावून त्यांच्यासोबत बसलो. बिल दिसला की ते मान हलवत. ‘असे साहेब बघितलेत. वाईट नसतात. फाईल वाईट होते.’ मॉली मात्र त्यांना पहिल्यापासून पसंत. तोवर फारशी कुणाला ठाऊक नसलेली ॲलिसन टोलमन या भूमिकेत आहे, आणि ती धावत नाही, ओरडत नाही, बंदूक रोखून पोझ घेत नाही. लेस्टरच्या घरून माल्वोच्या मोटेलला फोन गेला होता हे ती नोंदींतून काढते तेव्हा काकांनी मांडीवर थाप मारली. ‘सीडीआर! कॉलच्या नोंदी! बाई कामाची आहे.’ छर्र्याच्या बाबतीत तर ते भलतेच खूश होते. ‘मुद्देमाल आरोपीच्या हातात, आणि हात पट्टीत. लिहिणाऱ्याने पोलीस ठाणं बघितलंय.’ त्यांची तक्रार एवढीच की पंचनाम्याला कुणी पंच दिसत नाहीत.

त्यांनी लेस्टरचा हात कधी सोडला हेही विचारलं. ‘धरलाच नव्हता,’ म्हणाले. ‘पहिल्या भागात त्याच्या तोंडून “नाही” निघालं नाही. तिथेच लिहून घेतलं मी.’

शेवटावरून मात्र आमच्याकडे भांडण झालं, आणि ते पाहणाऱ्या बहुतेकांत होतं असं दिसतं. सगळा तपास मॉलीने केला. पण माल्वोला मारतो तिचा नवरा गस. हा गस आधी डुलुथला पोलीस होता. एका रात्री त्याने माल्वोची गाडी अडवली, तेव्हा माल्वो शांतपणे म्हणाला की जुन्या नकाशांवर लिहिलेलं असायचं, इथे राक्षसी प्राणी आहेत. आता लिहीत नाहीत, म्हणून ते नाहीत असं नव्हे. आणि गसने त्याला जाऊ दिलं. घरी आईविना वाढणारी मुलगी होती. पुढे त्याने पोलिसाची नोकरी सोडून टपाल वाटायला घेतलं, जे त्याला आधीपासूनच करायचं होतं. शेवटी गरोदर मॉलीला तो फोनवर गयावया करतो की तू जाऊ नकोस. ती थांबते. आणि हाच पोस्टमन माल्वोला त्याच्या खोलीत गाठून गोळ्या घालतो.

बायको म्हणाली, हे म्हणजे स्वयंपाक हिने करायचा आणि वाढायला तो पुढे. मावशी म्हणाली, पोटुशी बाई बंदूक घेऊन धावली असती तर तुम्हीच म्हटलं असतं, लेखक अतिशयोक्ती करतो. काका तांत्रिक मुद्द्यावर गेले. गस आता खात्यात नाही, समोरचा जखमी, म्हणजे सरळ खून, त्यांच्या वेळचं तीनशे दोन. बक्षीस कसलं देतात? मला वाटतं काकांच्या मुद्द्यात बायकोच्या रागाचं उत्तर आहे. मॉलीने माल्वोला मारलं असतं तर तिच्या हातावर ते राहिलं असतं. मालिकेला ती तशी नको होती. शेवटच्या प्रसंगात तिघं सोफ्यावर टीव्ही बघत असतात, गस म्हणतो हे शौर्यपदक खरं तुझं, आणि ती म्हणते, नाही, ते तुझं. मी प्रमुख होणार आहे. नोकरीतल्या बायकांना हे वाक्य कसं ऐकू येतं ते मी विचारायला हवं होतं. विचारलं तेव्हा बायकोने एवढंच सांगितलं की पदोन्नतीसाठी आधीचे दोन साहेब जावे लागले, हे लक्षात घे.

पहिल्या सीझनच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पडद्यावर अक्षरं येतात : ही सत्यकथा आहे, घटना २००६ साली मिनेसोटात घडल्या, वाचलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदलली आहेत, मृतांचा मान राखून बाकी सगळं जसंच्या तसं सांगितलं आहे. धडधडीत खोटं. सिनेमातही अशीच पाटी होती. आपल्याकडे याच्या उलट चाल आहे. गोष्ट ओळखीची वाटेल इतकी खरी असली तरी वर ठोकून द्यायचं की सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक, साम्य आढळल्यास योगायोग. मावशीने पाटीवर विश्वास ठेवला होता. खोटी आहे कळल्यावर ती चिडली, मग मी लिंडासाठी रडले ते कुणासाठी? सिनेमाच्या पाटीनेही असेच घोटाळे केले आहेत. २००१ मध्ये मिनेसोटात एक जपानी तरुणी मृतावस्थेत सापडली, आणि सिनेमात बर्फात पुरलेली पैशांची बॅग शोधायला ती आली होती अशी कथा जगभर पसरली. नंतर तिचं दुःख वेगळंच होतं असं पुढे आलं. पण बॅगेची कथा जास्त चविष्ट, म्हणून ती राहिली. या मालिकेत तर ती बॅग एका पात्राला सापडतेही. हा खोडसाळपणा मला आवडतो आणि त्या मुलीची आठवण झाली की आवडत नाही.

दुसरा सीझन अनेकांच्या मते सगळ्यात सरस. माझ्याही. १९७९ साल, लुव्हर्न नावाचं गाव, मॉलीचे वडील तरुणपणी. खाटकाच्या दुकानात काम करणारा एड आणि केस कापणारी पेगी हे जोडपं गुंडांच्या घराण्याच्या वाटेत येतं, कारण पेगीने गाडीखाली आलेला त्या घराण्यातला माणूस काचेत अडकलेल्या अवस्थेत तसाच घरी आणला आणि स्वयंपाकाला लागली. कर्स्टन डन्स्टची पेगी या सगळ्या मालिकेतली माझी सर्वांत लाडकी व्यक्ती आहे. पण इथे भांडणाचा विषय वेगळा : शेवटाकडे मोटेलसमोर मोठा गोळीबार चालू असताना आकाशात उडती तबकडी येऊन थांबते. सगळे वर बघतात. पेगी नवऱ्याला म्हणते, अहो, नुसती तबकडी आहे ती, चला निघू. काकांनी तिथे टीव्ही बंद करायला सांगितला. त्यांना मी सांगितलं की त्याच वर्षी, १९७९ मध्ये, मिनेसोटाच्याच मार्शल काउंटीत एका डेप्युटी शेरीफच्या गाडीवर रात्री प्रखर उजेड येऊन आदळल्याची आणि काच फुटल्याची नोंद आहे. ती गाडी तिथल्या संग्रहालयात ठेवली आहे. काका म्हणाले, ‘नोंद आहे ना, मग ठीक.’ आणि पुन्हा बसले.

तिसरा आणि चौथा मी घाईने सांगतो. तिसऱ्यात ग्लोरिया नावाची पोलीस अधिकारी आहे, जिच्यासाठी स्वयंचलित दारं उघडत नाहीत आणि नळाखाली हात धरला तरी पाणी येत नाही, जणू यंत्रांना ती दिसतच नाही. त्या एका कल्पनेसाठी सीझन माफ. शेवट बंद दारासमोर सोडून दिलाय. कोण आत येणार ते तुम्ही ठरवा. मावशी म्हणाली, आम्ही ठरवायचं तर तुम्ही पैसे कशाचे घेता? चौथा कॅन्सस सिटीतला, १९५० चा, माणसांची गर्दी फार. आमच्याकडे तो कुणीच पुरा केला नाही.

पाचवा २०२३ चा, आणि तो माझ्या बायकोला पर्लच्या बाजूने दिलेलं उत्तर वाटतो. लेस्टरनंतर नऊ वर्षांनी. डॉट ही गृहिणी आहे, मिनेसोटात सुखाने नांदणारी, आणि मारकुट्या पहिल्या नवऱ्यापासून पळून आलेली. तो नवरा, रॉय टिलमन, शेजारच्या नॉर्थ डकोटात शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, आहे. मग तक्रार करायची तर कुणाकडे? या सीझनमध्ये सोशिक बाईवर कुणी हसत नाही. हसू येतं ते डॉटच्या जुगाडांवर, केसांचा स्प्रे आणि लायटर घेऊन ती अपहरण करणाऱ्यांना भिडते तेव्हा.

शेवटचा प्रसंग मात्र आमच्या हॉलमध्ये चांगलाच गाजला. सगळं निवल्यावर वर्षभराने ओले मंक नावाचा भाडोत्री मारेकरी, कित्येक शतकं जगलेला असावा असा माणूस, डॉटच्या घरी येऊन बसतो. जुना हिशेब चुकता करायचा आहे, म्हणतो. डॉट म्हणते, जेवणाची वेळ झालीय, हात धुऊन घे आणि मला पीठ भिजवायला मदत कर. घरचे त्याच्याशी पाहुण्यासारखे बोलत राहतात. त्याच्या धमक्यांना उत्तर नाही, दुर्लक्षही नाही. तो गोंधळतो, बिस्किटं करू लागतो. नवरा आणि मुलगी ताटं मांडतात. मला वाटलं, बेमिजीत ज्या गोड बोलण्याच्या आडून लेस्टर सुटत राहिला, तेच गोड बोलणं इथे एका बाईने डोळे उघडे ठेवून हत्यार म्हणून वापरलंय. मावशीने डोळे पुसले, सत्यकथा नाही हे माहीत असूनही.

काका मात्र अस्वस्थ. ‘घरात सराईत गुन्हेगार बसलाय आणि ही पीठ मळते? आधी ठाण्याला फोन नको का करायला?’

‘केला असता काका,’ बायको म्हणाली. ‘पण आला कोण असता? बिल?’